स्टँड-अप पॅडलबोर्डिंग शिकायचंय? आधी वारा बघा

खाडीवेडी

गेल्या दिवाळीपासून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलंय, "ते बोर्डवर उभं राहून वल्हवतात, ते आम्हाला जमेल का? पोहता यायलाच हवं का? कुठे शिकायचं?" प्रत्येकाला फोनवर सांगताना काही ना काही राहून जातं, म्हणून सगळं एका जागी लिहितेय. मी मालवणजवळ तारकर्ली-देवबागला कर्ली नदीत शिकले आणि सुट्टी मिळाली की अजूनही तिथेच पळते, त्यामुळे उदाहरणं तिथली येतील. बाकी पाण्यांबद्दल जाणकारांनी भर घालावी.

सगळ्यांना धास्ती असते ती तोलाची. माझं स्पष्ट मत आहे की तोल हा यातला सगळ्यात सोपा भाग. पाणी संथ असेल आणि बोर्ड ३२ इंच रुंद असेल, तर धडधाकट माणूस पहिल्याच सकाळी उभा राहतो. चार वेळा पडतो, पुन्हा चढतो आणि तासाभरात थोडं अंतर जाऊनही येतो. अवघड आहे ते वारा आणि पाणी ओळखणं. बोर्डवर उभा असलेला माणूस म्हणजे एक शीडच. वारा पूर्ण अंगावर घेतो, आणि हातात फक्त एक वल्हं. ताशी १५ किलोमीटरच्या पुढे वारा गेला की नवशिक्याच्या वल्ह्याचं काही चालत नाही.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना, ते इथे रोज कामाला येतात. डिसेंबर-जानेवारीत कोकणात रात्रभर आणि सकाळी लवकर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. किनाऱ्यालगत माडांचा आणि घरांचा आडोसा असतो, त्यामुळे तिथलं पाणी अगदी गुळगुळीत दिसतं. माणूस खूश होऊन आत जातो. आडोसा संपला की तोच वारा पाठीवर येतो आणि हलकेच समुद्राकडे ढकलायला लागतो. जाताना वाटतं, काय सुंदर जमतंय! परत वळल्यावर कळतं की आपण वल्हवत कमी होतो आणि वाहत जास्त होतो. दुपारी खारा वारा सुटतो, तो किनाऱ्याकडे आणतो खरा, पण पाणी इतकं खवळतं की नवशिक्याला उभं राहवत नाही.

म्हणून शिकताना उघड्या समुद्रात जाऊच नये. नदीचं रुंद, संथ पात्र निवडावं. सकाळी सातला पाण्यात, दहाच्या आत बाहेर. आणि सुरुवात नेहमी वाऱ्याच्या तोंडावर करायची, म्हणजे दमल्यावर परतीला वारा पाठीशी राहतो. लाटांच्या माथ्यावर फेस दिसायला लागला की त्या दिवशी बोर्ड काठावर ठेवून चहा प्यायला जावं.

आता प्रत्यक्ष बोर्डवर.

बोर्ड गुडघ्याच्या थोडा वरपर्यंत येईल एवढ्या पाण्यात न्यायचा. मागच्या टोकाखाली फिन, म्हणजे बोर्ड सरळ ठेवणारा पर असतो, साधारण ९ इंच खोल. उथळ पाण्यात चढलात की ते वाळूत रुततं, बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि तुम्ही पुढे पालथे. कर्लीत ओहोटीला वाळूचे पट्टे पाण्याखाली जेमतेम वीतभर असतात, तिथे हे हमखास होतं. पाण्याचा रंग फिकट पिवळसर दिसला की वाळू वर आलीय असं समजा आणि लांबून जा.

बोर्डच्या बरोबर मध्यावर उचलायची मूठ असते. ती आपल्या दोन गुडघ्यांच्या मधे येईल असं बसायचं, म्हणजे वजन जागेवर पडतं. पहिली पंधरा-वीस मिनिटं गुडघ्यांवरूनच वल्हवा. घाई करू नका, याच वेळात बोर्ड कुठे झुकतो, किती झुकतो हे अंगाला समजतं. मग वल्हं समोर आडवं ठेवून दोन्ही तळवे बोर्डवर टेकवा, एक पाऊल गुडघ्याच्या जागी आणा, मग दुसरं, आणि मान वर करत उभे राहा. पावलं मुठीच्या दोन्ही अंगांना, बोटं सरळ पुढे, गुडघे सैल. नजर समोरच्या काठावरच्या एखाद्या माडावर. पायांकडे पाहिलं की पडलातच. उभं राहिल्याबरोबर वल्हं पाण्यात घाला. नवखी माणसं उभी राहून आधी "स्थिर" व्हायला बघतात, पण चालता बोर्ड थांबलेल्या बोर्डपेक्षा जास्त स्थिर असतो.

एक बारीक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. भीतीने पायाची बोटं बोर्ड आवळून धरतात आणि दहा मिनिटांत तळवे बधिर होतात. माणसाला वाटतं आपले पाय कमकुवत आहेत. तसं काही नसतं. मधूनमधून बोटं उचलून हलवायची, की मुंग्या जातात.

पडताना बोर्डपासून बाजूला, पसरून, पाठीवर किंवा बुडावर पडा. सूर मारू नका, खाली किती पाणी आहे ते माहीत नसतं. पडल्यावर पहिल्यांदा बोर्ड धरा, वल्हं नंतर. परत चढताना बोर्डच्या बाजूला या, मधली मूठ पकडा, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत आणून जोरात मारा आणि पोटावर बोर्डवर सरका. पाय खाली लोंबकळत ठेवून हातांच्या जोरावर चढायला गेलात तर बोर्ड अंगावर उलटतो. हे चढणं उभं राहण्याच्या आधी शिकायचं. शिकवणाऱ्याने ते शिकवलं नाही तर आपणहून मागा.

लाइफ जॅकेट आणि लीश, म्हणजे बोर्डला आणि पायाला बांधायची दोरी, या दोन्हींशिवाय पाण्यात उतरू नका.

सिंहगडरोडवाला

उत्तम धागा, वाखु (वाचनखूण) साठवली. मतलई वाऱ्याचा मुद्दा वाचून शाळेतला तो बाणांचा नकाशा आठवला.

पुण्याच्या आसपास कुठे जमेल? खडकवासल्याला रोज जाता-येता पाणी दिसतं आणि जीव जळतो.

शहाळं

खाडीवेडी, फार छान आणि समजेल असं लिहिलंयस ग. माझं वय ५७, पोहता येत नाही आणि उजवा गुडघा कुरकुर करतो. नातीने गोव्यात पाळोळेला केलं, तेव्हापासून माझ्या मनात भरलंय. मोकळेपणाने सांग, नाद सोडून देऊ का?

खाडीवेडी

शहाळंताई, नाद अजिबात सोडू नका. गुडघ्यांवर बसायला त्रास होत असेल तर बसूनच वल्हवा, पाय पुढे लांब करून किंवा दोन्ही बाजूंना पाण्यात सोडून. बऱ्याच बोर्डांना वर कड्या असतात, त्यांना पाठ टेकायची बैठक लावता येते आणि वल्ह्याला दुसरं पातं बसवलं की कयाकसारखं वल्हवता येतं. उभं राहायचंच असेल तर बुटक्या धक्क्याच्या बाजूला, कुणीतरी बोर्ड धरलेला असताना, धक्क्यावर हात ठेवून उभं राहायचा सराव करा. गुडघ्यावर पूर्ण भार यायची गरज पडत नाही. डॉक्टरांना मात्र एकदा विचारा.

पोहण्याचं थोडं जास्त लिहिते, कारण हाच प्रश्न सगळ्यांचा असतो. पोहता येत नसेल तरी शिकवणाऱ्यासोबत, संथ पाण्यात, जॅकेट घालून हे करता येतं. पण त्याआधी एक दिवस तलावात किंवा कमरेइतक्या पाण्यात जॅकेट घालून मुद्दाम पाठीवर तरंगून बघा. नाकातोंडात पाणी गेलं की माणूस घाबरतो आणि घाबरला की बोर्ड हाताशी असूनही धरत नाही. ते घाबरणं आधीच होऊन गेलेलं बरं. जॅकेट नीट बसलंय का हे बघायची पद्धत अशी: सगळे बक्कल लावून पट्टे आवळा आणि दुसऱ्या कुणाला तरी खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. पर्यटकांना देतात ती जॅकेटं बहुतेक एकाच मापाची असतात आणि बारीक बाईच्या अंगावर डगळी होतात, तेव्हा लाजू नका, दुसरं मागून घ्या.

सिंहगडरोडवाला, धरणांबद्दल मला अनुभव कमी आहे. इतर कुणी सांगेल का?

कर्लीकाठ

आमच्या नदीचं नाव वाचून लॉगिन केलं. ताईंनी वाऱ्याचं बरोबर सांगितलंय, पण आमच्याकडे वाऱ्याच्या बरोबरीने भरती-ओहोटी बघावी लागते.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. टोकाला संगम. ओहोटीला नदीचं सगळं पाणी त्या एका तोंडातून समुद्रात जातं, आणि उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला, तिथे असा ओढा असतो की मोटर लावलेली होडीही सावकाश वर येते. माझे वडील आम्हाला लहानपणी एकच सांगायचे, "ओहोटीक संगमाकडे जावचा नाय." बोर्डवाल्यांनाही तेच सांगणं आहे. तिकडे पर्यटकांच्या होड्या आणि जेट स्की पण असतात, त्यांच्या लाटा वेगळ्या.

भरतीचा जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, आणि तेवढ्याच सुमारास दिवसा आणि रात्रीही. मुंबईकडे हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. दक्षिणेला भरती मुंबईच्या आधी येते, म्हणून मालवणसाठी वेळापत्रक बघावंच. पण दिवस निवडायला तिथी पुरते. शिकणाऱ्याने नवमी ते एकादशीच्या आसपासचे दिवस धरावेत. तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, पाण्याला ओढ कमी, आणि भरती नेमकी सकाळची. भरती चढत असताना पाणी आत, वरच्या अंगाला जातं. दमलात तरी समुद्राकडे वाहून जात नाही.

अजून एक. कांदळवनाच्या मुळांना आणि काठच्या दगडांना कालवं चिकटलेली असतात. त्यांची धार पात्यासारखी. अनवाणी पाय टेकला की तळवा फाटतो आणि खाऱ्या पाण्यातली जखम लवकर भरत नाही. पायात जुने रबरी बूट घाला. हवेचा बोर्ड असेल तर तो पण कालवांवर घासू देऊ नका.

खाडीवेडी

कर्लीकाठ, मनापासून आभार. एकादशीच्या सकाळीचं गणित इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. यापुढे माझी सुट्टी पंचांग बघूनच टाकणार.

मावळचा_वारा

पुणेकरांसाठी. खडकवासला हे पिण्याच्या पाण्याचं धरण आहे, तिथे पाण्यात उतरायला बंदी आहे, तो विषय सोडा. पवना, मुळशीकडे काही खासगी कॅम्पवाले बोर्ड देतात. पाण्यावर जाण्याची परवानगी आणि बचावाची सोय त्यांच्याकडे आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. उत्तर देताना टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा.

धरणाचं पाणी बघायला तळ्यासारखं वाटतं, पण काठ तीव्र उताराचे असतात. दोन पावलांवर कमरेइतकं आणि चौथ्या पावलाला डोक्यावरून पाणी. तळाशी जुनी झाडं, कुंपणाच्या तारा आणि बांध असतात. मासेमारांची जाळी पृष्ठभागाच्या जरा खाली ताणलेली असतात, त्यात फिन अडकतं. ओळीने तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे दिसले की खाली जाळं आहे असं समजून वळसा घाला. तो त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, जाळं फाडू नये.

आणि एप्रिल-मे महिन्यात वळवाचे ढग. दुपारनंतर अर्ध्या तासात आभाळ भरून येतं. आधी सोसाट्याचा वारा, मागून विजा. मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता, हातात वल्हं उभं धरून. पहिला गडगडाट ऐकला की पाण्याबाहेर या.

निवांत_नाना

जॅकेटबद्दल थोडा वेगळा सूर लावतो. मला पोहता उत्तम येतं, जॅकेट घातलं की हात अडतात आणि बोर्डवर परत चढताना छातीवरचा फुगवटा मधे येतो. लीश बांधलेली असेल तर बोर्ड हाच तरंगणारा आधार असतो. मग जॅकेटची सक्ती कशाला?

खाडीवेडी

नाना, तुमचं चढण्याबद्दलचं निरीक्षण खरं आहे, जाड जॅकेट आडवं येतं. पण त्यावरचा उपाय म्हणजे वल्हवणाऱ्यांसाठी बनवलेलं, बगलेत मोकळं असलेलं जॅकेट. कमरेला बांधायची, ओढल्यावर फुगणारी पट्टीही मिळते, फक्त ती ओढायला माणूस शुद्धीवर हवा. पडताना बोर्डची कड डोक्याला लागू शकते, लीशचा पट्टा सुटू शकतो. दोन्हींपैकी एक निकामी झालं तर दुसरं असावं, एवढाच हिशेब. हा धागा नवशिक्यांसाठी आहे आणि यात मी तडजोड सुचवणार नाही.

बे_एरियातली_बाय

इकडे अमेरिकेत कोस्ट गार्डने २००८ मध्येच ठरवलंय की लाटांवर खेळायची जागा सोडून इतर पाण्यात पॅडलबोर्ड ही नाव मानायची. त्यामुळे प्रत्येकासाठी जॅकेट बोर्डवर असणं बंधनकारक आहे. शिट्टीही लागते. शिट्टी हा फार स्वस्त आणि कामाचा प्रकार आहे, वाऱ्यात आवाज पोचत नाही पण शिट्टी पोचते. जॅकेटलाच बांधून टाकावी.

दूरदेशी

मी वेल्समध्ये राहतो. लीशचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो, थोडं जड आहे पण लिहिलंच पाहिजे.

३० ऑक्टोबर २०२१ ला इथे हॅवरफर्डवेस्ट गावात पॅडलबोर्डवाल्यांची एक सहल वेस्टर्न क्लेडाऊ नदीतून निघाली. नऊ जण होते. पावसाने नदी भरून वाहत होती. गावात नदीवर एक बुटका बंधारा आहे. वरच्या अंगाने येताना बोर्डवरून तो दिसत नाही, फक्त पाण्याची एक सरळ कड दिसते. पुढे काय आहे हे सगळ्यांना सांगितलेलंच नव्हतं. चार जणांचा जीव गेला. सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी यंत्रणेने २०२२ मध्ये अहवाल दिला, त्यात नियोजनातल्या त्रुटींसोबत लीशच्या प्रकारावरही बोट ठेवलं आहे. सहल काढणाऱ्या बाईंना २०२५ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली.

बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली गोल गोल फिरत राहतं आणि त्यात सापडलेली वस्तू बाहेर पडत नाही. तुम्ही घोट्याला लीश बांधलेली असेल आणि बोर्ड एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या बाजूला, मधे खांब किंवा फांदी, तर पाण्याचा जोर दोरी ताणून धरतो. वाकून घोट्यापर्यंत हात पोचवणं अशा वेळी कुणालाही शक्य नसतं. म्हणून वाहत्या नदीत घोट्याची लीश वापरत नाहीत. कमरेच्या पट्ट्याला जोडलेली, एक गोळा ओढला की सुटणारी लीश वापरतात. संथ खाडीत, तळ्यात, समुद्रात घोट्याची चालते. जिथे पाणी एका दिशेने वाहतंय आणि वाटेत अडथळे आहेत, तिथे फक्त कमरेची.

पंचगंगातीर

दूरदेशी, हे वाचून काटा आला. आमच्या कोल्हापूर-सांगली भागात तर अशा बंधाऱ्यांची माळच आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे दगडी खांब आणि मधे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या. हिवाळ्यात बरगे घातले की वरच्या अंगाला पाणी तुडुंब आणि एकदम शांत, शिकायला मोहात पाडेल असं. त्याच पाण्याच्या खालच्या टोकाला बंधाऱ्यावरून पाणी पडत असतं. बरगे काढलेले असतील तर आणखी वाईट, दोन खांबांच्या मधल्या फटीतून पाणी वेगाने ओढलं जातं. आमच्याकडे पट्टीचे पोहणारेसुद्धा राजाराम बंधाऱ्यापासून बाजूला राहतात. नदीत बोर्ड घालायचा असेल तर खालच्या अंगाला पुढचा बंधारा कुठे आहे हे गावात विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल ठेवू नका.

आणि मगरी. कृष्णाकाठी सांगलीपासून भिलवडीपर्यंत मगरी आहेत, हे इकडच्या पोराटोरांना ठाऊक असतं. बाहेरून येणाऱ्याला ठाऊक नसतं.

खाडीवेडी

दूरदेशी, पंचगंगातीर, हे दोन्ही प्रतिसाद प्रत्येक नवशिक्याने वाचावेत. कमरेच्या लीशबद्दल मूळ लेखात स्वतंत्र ओळ टाकायला संपादकांना विनंती करते.

मगरींची यादी पुढे नेते. चिपळूणची वाशिष्ठी, महाडकडची सावित्री, मुंबईतला पवई तलाव आणि गोव्यातला कुंभारजुव्याचा कालवा, या सगळ्या ठिकाणी मगरी आहेत. वाशिष्ठीत आणि कुंभारजुव्याला तर होडीतून त्या दाखवतात. होडीची उंची वेगळी आणि पाण्याला टेकलेला बोर्ड वेगळा. तिथे शिकायला जाऊ नये.

यंत्रमानव

बोर्ड विकत घ्यायचा विचार आहे. फ्लॅटमध्ये राहतो, म्हणून हवा भरायचाच घ्यावा लागेल. पण हवेच्या बोर्डवर उभं राहिल्यावर तो मधे वाकत नाही का? आणि कुठलं माप?

मावळचा_वारा

माझ्याकडे तीन वर्षांपासून हवेचाच आहे. आत वरच्या आणि खालच्या थराला जोडणारे हजारो धागे विणलेले असतात, त्यामुळे दाब वाढवला तरी तो गोल फुगत नाही, सपाट आणि टणक होतो. पण दाब पूर्ण भरला तरच. बहुतेक बोर्डांना १२ ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) लागतो. हातपंपाने निम्म्या दाबापर्यंत सहज जातो, शेवटचे तीन-चार पीएसआय घाम काढतात आणि लोक तिथेच सोडून देतात. मग बोर्ड वाकतो आणि दोष बोर्डला. बहुतेक पंपांना एक खटका किंवा टोपण असतं, ते काढलं की फक्त खाली दाबताना हवा भरली जाते. जड वाटायला लागलं की तो वापरा.

भरण्याआधी व्हॉल्व्हमधली पिन बघा. ती वर आलेली असली पाहिजे. खाली दाबलेली राहिली तर पंपाची नळी काढल्याबरोबर सगळी हवा फस्सकन जाते आणि पुन्हा पहिल्यापासून.

माप: साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद, ६ इंच जाड हा सर्वसाधारण बोर्ड. वजन ८० किलोच्या पुढे असेल किंवा मुलाला पुढे बसवायचं असेल तर ११ फूट, ३३-३४ इंच. पातळ, ४ इंची स्वस्त बोर्ड मोठ्या माणसाने घेऊ नये. वजनाची जी मर्यादा लिहिलेली असते तिच्या बऱ्याच आत राहा.

आपल्याकडच्या उन्हात एक पथ्य पाळावंच लागतं. भरलेला बोर्ड किनाऱ्यावर उन्हात ठेवू नका. आतली हवा तापते, दाब वाढतो आणि कडेची चिकटवलेली शिवण सुटते. सावलीत ठेवा, नाहीतर थोडी हवा सोडा. गाडीच्या टपावर बांधून नेतानाही तेच. खाऱ्या पाण्यातून आणल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळू नका.

यंत्रमानव

एकदम मुद्देसूद. पिनची माहिती सोन्यासारखी. धन्यवाद!

गोलगोल

मी दोनदा केलंय, उभा राहतो छान, पण बोर्ड सरळ जातच नाही. उजवीकडे वल्हवलं की डावीकडे वळतो, डावीकडे वल्हवलं की उजवीकडे. दर दोन हातांनी बाजू बदलून वैताग येतो.

मुळकीकर_मराठी

हे बहुतेक सगळ्यांचं होतं. आधी वल्हं बघा. पातं दांड्याशी किंचित कोनात असतं. उभे राहून वल्हं समोर धरल्यावर ते पातं तुमच्यापासून दूर, बोर्डच्या टोकाकडे झुकलेलं हवं. बरेच जण उलट धरतात, कारण पाणी "ओढून" घ्यायला तसं बरोबर वाटतं. उंची अशी ठेवा की वल्हं शेजारी उभं केल्यावर आणि हात वर केल्यावर मूठ मनगटापाशी यावी.

मग दांडा. वरचा हात नेहमी मुठीवर, आणि तो पाण्याच्या वर, बोर्डच्या बाहेर गेला पाहिजे, म्हणजे दांडा उभा राहतो. दांडा तिरका असला की पातं बोर्डच्या कडेने गोलाकार फिरतं आणि नाक वळतं. पुढे वाकून जितक्या लांब पोचता येईल तिथे पातं पूर्ण बुडवा, बोर्ड पात्याकडे आणा आणि पावलांपाशी आल्यावर बाहेर काढा. पावलांच्या मागे ओढत राहिलात की वळणं वाढतं. जोर खांद्यांतून न लावता पोटातून आणि कमरेतून लावा, दुसऱ्या दिवशी कुठे दुखतंय त्यावरून कळेल. एका बाजूला सहा-सात हात, मग बदला. वळायचंच असेल तेव्हा मात्र उलट करायचं: पुढून मागेपर्यंत लांबून मोठं अर्धवर्तुळ.

फिन लावलंय ना, तेही बघा. भाड्याच्या बोर्डांचं मधलं फिन पुष्कळदा गायब असतं, आणि त्याशिवाय बोर्ड कुणाचाच सरळ जात नाही.

थोडं आमच्या मुळकीबद्दल. मंगळुरूच्या उत्तरेला शांभवी नदी समुद्राला मिळते, तिथलं पात्र शिकायला फार चांगलं. जवळच्या ससिहित्लू किनाऱ्यावर २०२४ च्या मार्चमध्ये इंडिया पॅडल फेस्टिव्हल झाला, जगभरातले स्पर्धक आले होते. आपल्या देशातला मोठा स्पर्धक शेखर पाचाई, तमिळनाडूचा. त्याचं वल्हवणं प्रत्यक्ष किंवा चित्रफितीत बघा: अंग जवळजवळ हलत नाही, पातं पाण्यात जाताना आवाज होत नाही. आपल्या पात्याचा "छप" आवाज येत असेल तर ते पाणी पकडण्याआधीच ओढलं जातंय.

गोलगोल

वल्हं उलटंच धरत होतो बहुतेक! फोटो काढून ठेवलाय, त्यात स्पष्ट दिसतंय. या शनिवारी बघतो.

शहाळं

सगळं दोनदा वाचलं. खाडीवेडी, तू पुढच्या वेळी कधी जाणार आहेस? मी आणि माझी बहीण येऊ का? ती ६१ वर्षांची आहे, तिला पोहता येतं.

खाडीवेडी

या ना ताई, जरूर या. मार्गशीर्षातली शुद्ध दशमी-एकादशी बघतेय, सकाळच्या भरतीच्या हिशेबाने. कर्लीकाठ, त्या दिवसांत वाळूचे पट्टे कुठे आलेत ते तुम्ही सांगितलंत तर बरं होईल, दर पावसाळ्यानंतर जागा बदललेली असते. ताई, तोपर्यंत दोघींनी जॅकेट घालून तलावात तरंगून बघा, आणि रोज एका पायावर उभं राहून दात घासायचा सराव सुरू करा. उजव्या गुडघ्याला झेपेल तेवढाच.

कर्लीकाठ

तारीख ठरली की कळवा. आदल्या दिवशी ओहोटीला मी होडीने फेरी मारून पट्टे बघून ठेवतो. आणि रबरी बूट विसरू नका.